गिट लॉग मुंगीच्या पावलांनी चालतंय? मोठ्या रिपॉझिटरीचा इतिहास झटपट कसा चाळायचा

महापेच्या आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात हाक मारली, "ताई, जरा बघता का? हे अडकलंय बहुतेक." जाऊन बघितलं तर काहीच अडकलं नव्हतं. त्याने एका फाईलचा इतिहास मागितला होता आणि गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, तो शोधत बसलं होतं. आमचं सॉफ्टवेअर वाशी मार्केटमधल्या आडत्यांच्या हिशोबाचं. शेतकऱ्याच्या पट्टीत तोलाई धरताना पैशांचं राउंडिंग कुणी आणि कधी बदललं, एवढंच त्याला हवं होतं. पाऊण मिनिट नुसता काळा पडदा, त्यानंतर एक ओळ, पुन्हा काळा पडदा.

पाच वर्षांपूर्वी मीही त्याच खुर्चीत असंच बघत बसले होते. तेव्हा मी लॅपटॉपला दोष दिला, महिनाभर मागे लागून रॅम वाढवून घेतली, आणि फरक पडला शून्य. नंतर कळलं की गिटमध्ये यावर इलाज आहे, पण तो आपणहून चालू होत नाही, आणि जो चालू होतो तो अर्धाच. नवीन येणाऱ्यांनी रॅम मागण्यात महिना घालवू नये म्हणून हे लिहितेय.

एक सूचना. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. कॉपी-पेस्ट करता येणार नाही. माझ्या मते ते बरंच आहे, कारण हाताने टाइप केलेली कमांड लक्षात राहते.

सोबत काय हवं

- गिटची २.२७ किंवा त्यानंतरची आवृत्ती (पायरी ६ मधल्या मेंटेनन्ससाठी याहून नवीन)
- रिपॉझिटरीचा, म्हणजे प्रोजेक्ट आणि त्याच्या सगळ्या इतिहासाचा, पूर्ण क्लोन, म्हणजे तुमच्या मशीनवरची प्रत (अर्धवट क्लोनची भानगड पायरी ८ मध्ये आहे)
- तुम्हाला रोज छळणारी एक खरी कमांड, कागदावर लिहून ठेवलेली
- डिस्कवर थोडी मोकळी जागा आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी

सर्व्हरच्या ॲडमिनची परवानगी लागत नाही. यातलं जवळपास सगळं तुमच्याच मशीनवर, तुमच्याच डॉट-गिट फोल्डरमध्ये घडतं. दुसऱ्या कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

१. गिटचा वेळ जातो कुठे, ते आधी समजून घ्या

ही पायरी गाळाल तर पुढच्या कमांड म्हणजे नुसते मंत्र होतील.

माझं माहेर घणसोली गावठाणातलं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे कागद जमवताना बाबांच्या पिशवीत सातबारा आणि फेरफार कायम असायचे. सातबाऱ्यावर नावाच्या शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. हे नाव इथे कसं आलं असा प्रश्न पडला की तो क्रमांक धरायचा आणि गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही उघडायची. दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

गिटमध्ये ते वर्तुळच नाही.

गिटमधला प्रत्येक कमिट म्हणजे अख्ख्या गावाच्या सातबाऱ्यांचा, त्या दिवशी होता तसा, एक पूर्ण गठ्ठा. (न बदललेली पानं पुन्हा छापली जात नाहीत, जुन्याच पानांकडे बोट दाखवलं जातं. म्हणून जागा फुगत नाही.) गठ्ठ्यावर एवढंच लिहिलेलं असतं: कुणी केला, कधी केला, का केला आणि याच्या आधीचा गठ्ठा कोणता. त्यात कोणता गट क्रमांक बदलला, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मग "या फाईलचा इतिहास दाखव" म्हटल्यावर गिट काय करणार? आजचा गठ्ठा आणि कालचा गठ्ठा शेजारी ठेवणार, त्या फाईलचं पान सारखंच आहे का बघणार. आहे? मग कालचा आणि परवाचा. असं करत पहिल्या कमिटपर्यंत. लाखभर कमिट असतील तर लाखभर वेळा. त्यात प्रत्येक गठ्ठा दाबून बांधलेला असतो, तो आधी सोडवावा लागतो. फाईल तीनदाच बदललेली असली तरी हमाली लाखभर गठ्ठ्यांचीच होते.

म्हणजे दुखणी दोन आहेत. एक, गठ्ठा सोडवून "याच्या आधीचा कोण" एवढंच वाचायला लागणारा वेळ. दोन, "यात माझी फाईल बदलली का" हे ठरवायला लागणारा वेळ. पहिल्याचं औषध पायरी ४ मध्ये आहे, दुसऱ्याचं पायरी ५ मध्ये. बरेच जण पहिलं घेतात आणि दुसरं बरं झालं नाही म्हणून कुरकुरतात.

२. आवृत्ती तपासा

गिट --व्हर्जन

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. आपल्या कामाच्या गोष्टी (त्यांची ओळख पायरी ४ आणि ५ मध्ये) मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आल्या. कमिट-ग्राफ २.१८ मध्ये, म्हणजे २०१८ साली आला. २.२४ पासून तो आपोआप वापरला जाऊ लागला. चेंज्ड-पाथ्स २.२७ मध्ये, २०२० साली आलं.

इथला सापळा असा: उबुंटू २०.०४ सोबत गिट २.२५.१ येतं. आमच्याकडे अशी दोन मशीन होती. त्यावर पायरी ५ मधला पर्यायच नाही, कमांड सरळ चूक दाखवते, आणि माणसाला वाटतं आपलंच स्पेलिंग चुकलं. उबुंटू २२.०४ वर २.३४.१ आहे, तिथे काम भागतं. तरी जमलं तर गिटच्या स्थिर पीपीएवरून (उबुंटूसाठीच्या जादा सॉफ्टवेअर साठ्यावरून) नवीन आवृत्तीच घ्या.

३. आधी मोजा, मग हात लावा

रिपॉझिटरी खरंच मोठी आहे का, ते बघा:

गिट रेव्ह-लिस्ट --काउंट --ऑल

आकडा दोन-तीन हजारांच्या घरात असेल तर हा लेख बंद करून पायरी ९ तेवढी वाचा. तुमचा त्रास दुसरीकडे आहे.

आता कागदावर लिहिलेली छळणारी कमांड घ्या, तिच्याआधी टाइम लावा आणि आउटपुट डेव्ह-नलमध्ये (येईल ते गिळून टाकणाऱ्या फाईलमध्ये) सोडा. पडद्यावर ओळी छापायला आणि पेजरला लागणारा वेळ हिशोबात यायला नको. तीच कमांड लगेच पुन्हा चालवा आणि दुसरा आकडाच धरा. पहिल्या खेपेला डिस्कवरून वाचलेलं असतं, दुसऱ्या खेपेला ते मेमरीत आलेलं असतं. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा भलत्याच सेटिंगला श्रेय देऊन अख्ख्या टीमला ईमेल पाठवला होता. दोन दिवसांनी तो गिळावा लागला.

आणखी एक. गिट स्टेटस हळू चालतं आणि गिट लॉग हळू चालतं, हे दोन वेगळे आजार आहेत. स्टेटसला इतिहासाशी फारसं देणंघेणं नसतं, ते तुमच्या फोल्डरमधल्या फायली तपासत असतं. त्याच्यासाठी एफएस-मॉनिटर आणि अनट्रॅक्ड-कॅश ही औषधं आहेत. ती चालू करून लॉग पळेल अशी आशा धरू नका.

४. कमिट-ग्राफ बनवा

गिट कमिट-ग्राफ राइट --रीचेबल

प्रत्येक गठ्ठ्याच्या कपाळावरचं तेवढं काढून एका बारीक वहीत लिहिलं, तर ती वही म्हणजे ही फाईल. कमिटची ओळख, त्याचे पालक, तारीख, मुळाच्या ट्रीची (फोल्डरमधल्या फायलींच्या यादीची) ओळख आणि एक पिढी क्रमांक. ऑब्जेक्ट्स फोल्डरच्या आत इन्फो फोल्डरमध्ये ती बसते. यानंतर कमिटांच्या साखळीवरून चालताना गिटला गठ्ठे सोडवावे लागत नाहीत, वही वाचत जायचं.

पिढी क्रमांकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती कल्पना मला फार आवडते. ज्याला पालक नाही त्या कमिटची पिढी १. बाकी प्रत्येकाची पिढी म्हणजे त्याच्या पालकांतल्या सर्वात मोठ्या पिढीपेक्षा एकने जास्त. वारसाच्या कामासाठी वंशावळ काढली असेल तर लगेच कळेल: सातव्या पिढीतला माणूस पाचव्या पिढीतल्याचा पूर्वज असूच शकत नाही, चौकशीची गरजच नाही. "हा फिक्स त्या रिलीजमध्ये गेलाय का" असं विचारताना गिट नेमकं हेच करतं. पिढी ओलांडली की शोध तिथेच थांबतो. वही नसेल तर त्याला कमिटच्या तारखांवर भिस्त ठेवावी लागते, आणि तारखा कुणाच्या तरी लॅपटॉपच्या चुकलेल्या घड्याळाच्याही असतात. २.३१ पासून तारीख आणि पिढी यांचा मेळ घालणारा सुधारित क्रमांकही वहीत जातो.

फायदा कुठे दिसतो: ब्रँच --कंटेन्स, टॅग --कंटेन्स, मर्ज-बेस, आणि लॉग --ग्राफ. शेवटच्यात तर पहिली ओळ उमटायला लागणारा वेळच बदलतो. पूर्वी फांद्यांचं चित्र काढण्याआधी गिट सगळा इतिहास गोळा करायचं, आता लागेल तसं पुढे जातं.

"आपोआप चालू आहे ना, मग हाताने कशाला?" असं आमच्या त्या मुलाने विचारलं. आपोआप चालू आहे ते *वापरणं*. *लिहिणं* होतं ते गिट जीसी, म्हणजे गिटची साफसफाईची कमांड, चालेल तेव्हा, आणि नुकत्याच घेतलेल्या क्लोनमध्ये जीसी बरेच दिवस चालतच नाही. वही नाही, मग वाचणार काय?

५. चेंज्ड-पाथ्स: खरा फरक इथे पडतो

गिट कमिट-ग्राफ राइट --रीचेबल --चेंज्ड-पाथ्स

लेखातली एकच कमांड लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

यात प्रत्येक कमिटसाठी एक छोटी चिठ्ठी वहीला जोडली जाते. चिठ्ठीला प्रश्न विचारायचा, "या कमिटमध्ये तोलाईची फाईल बदलली का?" ती "नाही" म्हणाली तर फाईल बदललेली नाही हे शंभर टक्के. "असेल बुवा" म्हणाली तर मात्र गठ्ठा सोडवून खात्री करायची. सोसायटीच्या गेटवरचा मुरलेला वॉचमन असाच बोलतो. "चारशेदोनकडे आज कोणी आलं नाही" म्हणाला की ते पक्कं. "आलं असेल कोणीतरी" म्हणाला की वर जाऊन बेल वाजवावी लागते.

या चिठ्ठीला ब्लूम फिल्टर म्हणतात. बर्टन ब्लूम यांनी ही युक्ती १९७० साली मांडली, म्हणजे सिडको स्थापन झाली त्याच वर्षी. नवी मुंबईकर म्हणून मला हा योगायोग उगाचच गोड वाटतो.

चिठ्ठी बारीक असते. बदललेल्या प्रत्येक पाथमागे (फाईलच्या पत्त्यामागे) १० बिट आणि ७ हॅश, म्हणजे नावावरून काढलेले आकडे. त्यामुळे खोटं "असेल" शंभरात साधारण एकदाच येतं. फक्त फाईलचं नाव नाही, तिच्या वरचे फोल्डरही चिठ्ठीत जातात, म्हणून अख्ख्या फोल्डरचा इतिहास मागितला तरी फायदा मिळतो.

कमांड पहिल्यांदा चालवाल तेव्हा वेळ लागेल. चिठ्ठ्या लिहायच्या तर सगळे गठ्ठे एकदा तरी उघडावेच लागणार. डबा उघडायच्या आधी लावून द्या. एकदा हा पर्याय दिला की पुढच्या प्रत्येक वेळी गिट तो गृहीत धरतं, पुन्हा सांगावं लागत नाही.

चिठ्ठ्या खरंच कामाला लागल्या का, हे बघायची एक खिडकी आहे. गिट-ट्रेस२-पर्फ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा आणि तीच छळणारी कमांड चालवा. पडद्यावर बरंच काही सांडेल, त्यात ब्लूम शब्द असलेली स्टॅटिस्टिक्सची एक ओळ शोधा. तीत चार आकडे असतात: फिल्टर-नॉट-प्रेझेंट, मेबी, डेफिनेटली-नॉट आणि फॉल्स-पॉझिटिव्ह. डेफिनेटली-नॉटचा आकडा बाकीच्यांपेक्षा डोंगराएवढा असेल तर जिंकलात, तेवढे गठ्ठे न सोडवताच बाजूला पडले. फिल्टर-नॉट-प्रेझेंट मोठा असेल तर चिठ्ठ्या बऱ्याच कमिटांना मिळालेल्याच नाहीत, कमांड पुन्हा चालवा. ती ओळच नसेल तर चिठ्ठ्या वापरल्या गेल्या नाहीत.

न वापरण्याची कारणं ठरलेली आहेत, आणि लोक अडकतात ते इथेच:

*--फॉलो लावलंय.* फाईलचं नाव बदललं तरी माग काढायला हा पर्याय छान, पण त्याच्यासोबत चिठ्ठ्या चालत नाहीत. एडिटरमधली काही प्लगइन फाईलचा इतिहास दाखवताना गुपचूप --फॉलो लावतात. टर्मिनलमध्ये सुसाट आणि एडिटरमध्ये रडतखडत, असं दिसलं तर संशय इथे घ्या. आमच्या त्या मुलाची गोष्ट हीच होती. त्याने कमांड कुठूनतरी उचलली होती, शेपटीला --फॉलो होतं, आणि तोलाईची फाईल जन्मापासून त्याच नावाची आहे.

*पाथमध्ये तारा आहे.* बऱ्याच आवृत्त्यांत वाइल्डकार्ड दिलं की चिठ्ठी गप्प बसते. "हिशोब फोल्डरमधल्या सगळ्या फायली" असं ताऱ्याने मागण्याऐवजी फोल्डरचंच नाव द्या.

*एकाच वेळी अनेक पाथ दिलेत.* जुन्या आवृत्त्यांत एकापेक्षा जास्त पाथ असले की चिठ्ठ्या सोडून दिल्या जात. दोन फायली असतील तर दोनदा विचारा.

*कमिटच अवाढव्य आहे.* एका कमिटमध्ये ५१२ हून जास्त पाथ बदलले असतील तर गिट त्याची चिठ्ठी लिहीत बसत नाही, नेहमी "असेल" असं समजतं. अख्ख्या प्रोजेक्टचं फॉरमॅटिंग बदलणारे कमिट यात येतात. असे दोन-चार असतील तर बिघडत नाही.

देवनागरी नावाच्या फायली असतील तर आणखी एक बारकावा. आमच्याकडे छापायच्या नमुन्यांच्या फोल्डरमध्ये "पट्टी-नमुना" अशा नावाच्या फायली आहेत. चिठ्ठीच्या पहिल्या आवृत्तीत अशा अक्षरांचा हॅश वेगवेगळ्या जातीच्या मशीनवर वेगवेगळा यायचा. म्हणजे इंटेलच्या मशीनवर बनवलेलं डॉट-गिट फोल्डर जसंच्या तसं एआरएम लिनक्सवर उचलून नेलं तर घोळ. गिट २.४६ मध्ये चिठ्ठीची दुसरी आवृत्ती आली आणि हे सुधारलं. कमिट-ग्राफच्या सेटिंगमध्ये चेंज्ड-पाथ्स-व्हर्जन २ करून वही पुन्हा लिहा. फोल्डर मशीनमशीनवर फिरवत नसाल तर हा परिच्छेद विसरून जा.

६. वही शिळी होऊ देऊ नका

रोज नवे कमिट येतात, ते वहीत नसतात. थोडे असतील तर चालतं, गिट तेवढे जुन्या पद्धतीने वाचतं आणि मग वहीवर येतं. पण सहा महिने वही लिहिलीच नाही तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सोपा मार्ग:

गिट मेंटेनन्स स्टार्ट

ही कमांड त्या रिपॉझिटरीसाठी मशीनच्या वेळापत्रकात नोंद घालते. लिनक्सवर क्रॉन किंवा सिस्टिम-डी, मॅकवर लाँच-सीटीएल, विंडोजवर टास्क शेड्युलर. मग कमिट-ग्राफ दर तासाला ताजा होतो, सुटे राहिलेले ऑब्जेक्ट (गिटने साठवलेले तुकडे) रोज एकत्र बांधले जातात. दर तासाला प्रीफेचही होतं, म्हणजे सर्व्हरवरचे नवे ऑब्जेक्ट आधीच आणून ठेवले जातात. तुमच्या ब्रँचना हात लावला जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. घरी व्हीपीएन बंद असेल तर प्रीफेच मुकाट्याने फसतं, दुसरं काही होत नाही.

पार्श्वभूमीला काही चाललेलं आवडत नसेल, किंवा ऑफिसचं लॅपटॉप धोरण आड येत असेल, तर फेचच्या सेटिंगमध्ये राइट-कमिट-ग्राफ ट्रू करा. प्रत्येक फेचनंतर वहीला नवीन पानं जोडली जातील. मी स्वतः मेंटेनन्सच वापरते.

७. प्रश्न नीट विचारा

कमांडला जितकी चौकट घालून द्याल तितकं गिट कमी फिरेल.

आडवं-तिडवं काही नको, मेनमध्ये काय काय आलं एवढंच हवंय? मग --फर्स्ट-पॅरेंट. ठाणे–पनवेल लोकलमध्ये बसल्यावर तुर्भ्याला वाशीचा फाटा येतो तिथे आपण वळत नाही, सरळ जातो, तसं. प्रत्येक मर्जच्या फक्त पहिल्या पालकाकडे जायचं, फीचर ब्रँचच्या आतले कमिट बघायचेच नाहीत.

तारीख माहीत आहे? --सिन्स. शेवटचे पाचच हवेत? उणे एन पाच. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी वापरत नाही.

कोडमध्ये एखादा शब्द कधी आला किंवा गेला हे शोधणारं उणे मोठा एस मात्र जपून वापरा. ते चिठ्ठ्या-वह्यांवर भागवत नाही, प्रत्येक कमिटमधल्या बदललेल्या फायलींचा मजकूर उघडून शब्द मोजतं. पाथ न देता चालवलंत तर खुशाल चहा पिऊन या. पाथ दिलात तर चिठ्ठ्या आधी चाळणी लावतात आणि उरलेल्या मोजक्या कमिटांचाच मजकूर उघडला जातो. "तोलाई-राउंड" हा शब्द आम्ही असाच, हिशोब फोल्डरपुरता शोधला.

कोणती ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणाऱ्या ब्लेमलाही अख्खी फाईल देऊ नका. उणे मोठा एल लावून ओळींची मर्यादा द्या, समजा १२० ते १४०. दुसऱ्या फायलींतून आलेल्या ओळी शोधणारं उणे मोठा सी तीन-तीनदा लावायची काहींना सवय असते. त्याची किंमत भारी आहे, गरज असेल तेव्हाच.

तोलाईच्या त्या ओळीवर ब्लेमने पहिलं नाव दिलं ते आमच्यातल्या एका बिचाऱ्याचं, ज्याने फक्त टॅब काढून स्पेस घातल्या होत्या. असे फॉरमॅटिंगचे कमिट एका फाईलमध्ये लिहून ठेवा आणि ब्लेमला --इग्नोर-रेव्ह्ज-फाईलने ती द्या, २.२३ पासून ही सोय आहे. खरा बदल त्याच्या मागे दोन वर्षं दडला होता.

ओळच सापडत नसेल, नुसतं वागणं बिघडलं असेल, तर लॉग चाळणं सोडा आणि बायसेक्ट करा, म्हणजे इतिहासाचे दर वेळी दोन भाग पाडत शोधा. हजार कमिटांतला दोषी साधारण दहा पायऱ्यांत मिळतो. चाचणी स्क्रिप्टमध्ये असेल तर बायसेक्ट रन ते एकटंच करतं.

८. क्लोन कसा घेतलाय ते बघा

गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी

उत्तर ट्रू आलं तर पायरी ४ आणि ५ वाया. शॅलो क्लोनमध्ये, म्हणजे --डेप्थ देऊन घेतलेल्यात, कमिट-ग्राफ चालतच नाही. आणि इतिहासच अर्धा असल्यामुळे ब्लेम सगळं पाप सीमेवरच्या कमिटच्या माथी मारतं. आधी गिट फेच --अनशॅलो करा.

पूर्ण क्लोन फारच जड असेल, ऐरोलीच्या पुढे लोकलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यायचा असेल, तर --फिल्टर=ब्लॉब:नन वापरा, सर्व्हरची त्याला साथ हवी. यात सगळे कमिट आणि सगळ्या ट्री येतात, फायलींचा मजकूर लागेल तेव्हा येतो. फाईलचा लॉग यात झकास चालतो, कारण बदललं की नाही हे ट्रीवरूनच कळतं. ब्लेम आणि उणे मोठा एस मात्र दर थोड्या वेळाने सर्व्हरकडे धावतात.

--फिल्टर=ट्री:० मात्र कामाच्या मशीनवर घेऊच नका. त्यात ट्रीही नसतात, म्हणून एका फाईलचा लॉग मागितला की प्रत्येक कमिटची ट्री नेटवरून यायला लागते. तो पर्याय एकदा बिल्ड करून फेकून द्यायच्या मशीनसाठी.

९. इतर अडथळे, पटापट

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल आणि रिपॉझिटरी सी ड्राइव्हवर असेल तर ती आधी लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. सीमेपलीकडची प्रत्येक फाईल उघडणं महाग पडतं. आमच्याकडे तिघांचा प्रश्न एवढ्यावर सुटला.

लॉगच्या सेटिंगमध्ये शो-सिग्नेचर चालू असेल तर सही असलेल्या प्रत्येक कमिटला जीपीजी, म्हणजे सही तपासणारा प्रोग्राम, चालतो. बंद करा.

ब्रँच आणि टॅग हजारोंनी साठले असतील तर --नो-डेकोरेट लावून फरक बघा, आणि मेलेल्या ब्रँच फेच --प्रूनने उडवा.

जीसी --ॲग्रेसिव्ह हा जादूचा दिवा नाही. तासन् तास पंखा फिरवून जागा थोडी वाचवतो, इतिहासाच्या प्रश्नांना त्याचा फार उपयोग नाही.

आणि रिपॉझिटरी हलकी करायला इतिहास पुन्हा लिहायचा विचार कुणी मांडला तर हात वर करून थांबवा. फिल्टर-रेपोने ते जमतं, पण त्या जागेपासून पुढच्या प्रत्येक कमिटची ओळख बदलते, आणि सगळ्यांना नव्याने क्लोन घ्यावे लागतात.

१०. परत फिरायचं असेल तर

वहीवर संशय आला तर गिट कमिट-ग्राफ व्हेरिफाय चालवा. काही चुकीचं निघालं तर इन्फो फोल्डरमधली कमिट-ग्राफ नावाची फाईल, आणि शेजारी कमिट-ग्राफ्स नावाचा फोल्डर असेल तर तोही, उडवा. खुशाल उडवा. त्यात जे आहे ते सगळं मूळ कमिटांवरून काढलेलं आहे, तुमचं एक अक्षरही जात नाही. मेंटेनन्स थांबवायला गिट मेंटेनन्स अनरजिस्टर. चिठ्ठ्या तेवढ्या नको असतील तर तीच राइट कमांड --नो-चेंज्ड-पाथ्स लावून.

मी आजवर फक्त एकदा वही उडवली, तीही मागच्या महिन्यात, त्या मुलाला आधीचा आणि नंतरचा वेळ शेजारी शेजारी दाखवायला. त्याने दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले, कागदाच्या.